यादीतून काढलेलं घर

एका विधवा काकूंच्या घराचं नाव मी यादीतून मुद्दाम काढलं. विसरलो नव्हतो. नंतर लोकांना "टाइप करताना राहिलं" म्हणून सांगितलं, तेही खोटंच.

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात आमची छोटी मराठी ख्रिस्ती मंडळी आहे. एका अमेरिकन चर्चचा हॉल आम्हाला रविवारी दुपारी मिळतो. वर्षाच्या पहिल्या रविवारी आम्ही देवाशी केलेला करार नव्याने करतो. एकेका घराचं नाव वाचायचं, त्या घरच्यांनी उभं राहून "आमेन" म्हणायचं. आम्हाला पाळक, म्हणजे पास्टर, नाही, म्हणून मंडळीचा वडील या नात्याने वाचन माझ्याकडे असतं.

त्या वर्षी मी यहुद्यांच्या प्राचीन शास्त्रातला प्रसंग निवडला. बंदिवासातून परतलेल्या लोकांसमोर याजक रडत पापकबुली देतो, लोकही रडतात, आणि परक्या बायका सोडून देण्याचा करार होतो. काकूंच्या मुलीचं लग्न नागपूरच्या एका बौद्ध मुलाशी नुकतंच ठरलं होतं. ते मनात ठेवूनच मी निवड केली होती.

नावं संपली. काकू उठायच्या तयारीत खुर्चीच्या कडेला आल्या होत्या. तशाच थोडा वेळ बसल्या, मग कोट चढवला आणि चहा न घेता निघून गेल्या.

माझा मुलगा दूर बॉथेल शहरात एका अमेरिकन मुलीबरोबर लग्नाशिवाय राहतो, हे मी मंडळीत कुणालाच सांगितलं नव्हतं.

काकू यायच्या बंद झाल्या. ऑफिसला जाताना मी उगाच त्यांच्या घरावरून गाडी न्यायचो. मीटिंगमध्ये लक्ष लागेना. बायको म्हणाली, "नुसत्या घिरट्या काय घालतोस? बेल वाजव की!" मी मात्र तोच अध्याय पुन्हा पुन्हा उघडायचो, आपलं बरोबर होतं असं कुठेतरी सापडेल म्हणून. अध्यायाच्या शेवटी परक्या बायका केलेल्या दोषींची एक लांब यादी आहे. नावं अवघड म्हणून त्या रविवारी मी ती वाचली नव्हती. तिची सुरुवात याजकांच्याच मुलांपासून होते.

त्या शनिवारी बेल वाजवली.

"सलाम, काकू."

"सलाम. या, वडील! बूट बाहेर काढा, कार्पेट नवीन आहे."

बसलो. त्यांनीच विचारलं, "मुलगा कसा आहे बॉथेलला? आणि ती मुलगी?"

मी गारच पडलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझी लेक आणि तो फोनवर बोलतात की. संडे स्कूलला एकत्रच होते ना?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? लेकरू आहे ते. त्याला भर हॉलमध्ये उघडं पाडू?"

"काकू, चुकलो मी. माफ करा."

"इथे नको. माझं नाव काय तुम्ही माझ्या किचनमध्ये काढलंत?"

"उद्या याल?"

"बघू. गुडघा दुखतोय."

संध्याकाळी मुलाला फोन केला. त्याचं सगळ्यांना सांगू का, विचारलं. तो म्हणाला, "फायनली, बाबा."

रविवारी पहिलं गीत झालं, दुसरं झालं. माझी नजर दाराकडून हलेना. प्रार्थना चालू असताना काकू लेकीचा हात धरून आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. वाचनाची वेळ आली तेव्हा मी पुस्तक उघडलंच नाही.

"काकूंचं घर मी करारातून काढलं होतं," मी म्हणालो. "जाणूनबुजून. माझा मुलगा एका मुलीबरोबर लग्नाशिवाय राहतो. ते तुमच्यापासून लपवलं आणि दुसऱ्याच्या लेकीवर मी शास्त्र उगारलं." मी मागच्या रांगेकडे वळलो. "काकू, तुमची माफी मागतो." मग त्यांच्या लेकीकडे पाहिलं. "आणि बाळ, तुझी त्याहून जास्त. तुझ्या आनंदाच्या दिवसांत मी तुझ्या आईला मान खाली घालायला लावली. मला माफ कर."