मी दिलेली साक्ष

आमच्या चर्चमध्ये वर्षाच्या शेवटच्या रविवारी कोणीतरी पुढे येऊन साक्ष देतं. देवाने आपल्यासाठी काय काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. दोन वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी मला बोलायला सांगितलं. हडपसरच्या एका आयटी कंपनीत मी नुकताच डायरेक्टर झालो होतो. तरुणांना प्रेरणा मिळेल, असं ते म्हणाले आणि मला ते पटलंही.

मी चांगलं बोललो. कसबा पेठेतल्या दोन खोल्या, वडिलांचं अकाली जाणं, आईचं शिवणकाम, मग माझी शिष्यवृत्ती, नोकरी, अमेरिका, परत आल्यावर घेतलेलं अकराव्या मजल्यावरचं घर. शेवटी म्हणालो, "प्रभूने मला कधी मागे पडू दिलं नाही." सगळ्यांनी आमेन म्हटलं.

शेवटच्या बाकावर माझी थोरली बहीण बसली होती आणि तिच्या शेजारी आमचा धाकटा भाऊ. त्याला लहानपणी मेंदूज्वर झाला होता. शरीर वाढलं, चाळिशीला आलं, पण समज चार-पाच वर्षांच्या पोराइतकीच राहिली. त्यात आकडी यायची, त्यामुळे त्याला एकटं सोडता येत नसे. आई होती तोवर तिने पाहिलं. ती गेली तेव्हा ताई कॉलेजात गणित शिकवत होती आणि माझं अमेरिकेचं तिकीट आलेलं होतं. आता त्याचं कोणी करायचं, हे आम्ही कधी बसून ठरवलं नाही. मी विमानात बसलो, तिने राजीनामा दिला.

उपासना संपल्यावर ताई म्हणाली, "छान बोललास. फक्त एक सांग. तुला प्रभूने मागे पडू दिलं नाही, मग आम्हाला काय ढकललं त्याने?"

मी हसलो. ती हसली नाही.

"तसं म्हणायचं नव्हतं गं मला."

"मग कसं म्हणायचं होतं?"

तेवढ्यात भावाने माझी बाही ओढली. "दादा, ऑफिस?"

"आज रविवार आहे रे," मी म्हणालो आणि गाडीकडे वळलो.

पुढच्या ऑगस्टमध्ये तो गेला. सकाळी दूध पिताना आकडी आली, ती थांबलीच नाही. मी हडपसरहून हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ताई बाहेरच्या बाकावर त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

अंत्यविधीला पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. साक्ष दिली होती त्याच जागी मी उभा राहिलो. काय सांगणार? त्याला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, दिवसभर तो काय करायचा, मला काहीच ठाऊक नव्हतं. तो निष्पाप होता, आता प्रभूजवळ आहे, असं काहीतरी म्हणालो आणि खाली उतरलो.

दफनभूमीत माती देऊन झाल्यावर खाकी शर्टातला एक माणूस माझ्याजवळ आला. कपाळावर गंध होतं. बसचा कंडक्टर होता.

"तुमीच दादा ना? तुमचं आफिस ठाऊक हाय मला."

"माझं? कसं काय?"

"रोज दुपारी स्वारगेटला बसायची दोघं, ताई आन् तो. हडपसरला जाऊन त्याच गाडीनं माघारी. काचेची बिल्डिंग आली की उभा ऱ्हायचा. 'दादाचं ऑफिस, दादाचं ऑफिस!' सगळ्या गाडीला दाखवायचा. हात हलवायचा. आमी पण हलवायचो मग."

ताईच्या घरी आल्यावर मी तिला विचारलं, "रोज तिथवर येत होतात, तर वर का नाही आलात?"

"आलो होतो एकदा. गेटवरच्या माणसाने तुला फोन लावला. मीटिंग चालू आहे, नंतर बघू, असं म्हणालास. त्याला वाटलं, नंतर म्हणजे उद्या. म्हणून रोज जायला लागलो."

मला तो फोन आठवेना. अजूनही आठवत नाही. अशा कितीतरी फोनना मी तेच उत्तर देत असे.

मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी साक्षीत मी जे बोललो ते सगळं खोटंच होतं."

"खोटं नव्हतं. तुला दिलं ते देवानेच दिलं. पण किती वर चढलास, असं प्रभूने कोणाला विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही. कोणापाशी थांबलास, हे मात्र विचारतो."

"म्हणजे त्याच्या लेखी यशस्वी तू झालीस."

"मला देव्हाऱ्यात बसवू नकोस," ती चिडून म्हणाली. "कितीदा मनात आलंय, हा नसता तर! त्या दिवशी सकाळीसुद्धा दूध सांडलं म्हणून ओरडले त्याच्यावर. त्यानंतर पाचच मिनिटांत..." मी तिला आईच्या मरणानंतर पहिल्यांदाच रडताना पाहत होतो. खरं तर तेव्हाही नीट पाहिलं नव्हतं. मला विमान गाठायचं होतं.

माझ्या घरी चल, असं मी तिला म्हणालो. ती नको म्हणाली. हात धरावा असं वाटलं, पण तेवढी सवय आमच्यात राहिली नव्हती. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "एक काम कर. त्याची औषधं कपाटात आहेत, तेवढी काढून टाक. माझ्याच्याने होणार नाही."

मी कपाट उघडलं. गोळ्यांची पाकिटं, बाटल्या, मोजायचं प्लास्टिकचं झाकण, रबराने बांधलेल्या चिठ्ठ्या. टाकायला पिशवी घेतली, पण तसंच सगळं भरून टाकवेना.

"ही पांढरी कशाची गं?" मी विचारलं.

"झोपेत आकडी येऊ नये म्हणून," ती आतल्या खोलीतून म्हणाली.

"आणि ही?"

"ती कडू लागायची त्याला. केळ्यात घालून द्यायचे."

मी खाली फरशीवर बसलो आणि एकेक पाकीट उचलून तिला विचारत राहिलो.