टोप आणि भोकाचा पैसा

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवऱ्याने मला न विचारता घरी होडी आणली. शेजारणींचे नवरे त्या सुमारास रंगीत टीव्ही आणत होते. आमच्या दारात ट्रक आला. त्यावर दोरखंडांनी बांधलेली वीसेक फुटांची ॲल्युमिनियमची होडी आणि पुढच्या सीटवर, वरातीतून उतरावं तसा, आमचा माणूस. मी नुकतीच शाळेतून आले होते, हातात दहावीच्या वह्यांचा गठ्ठा होता. तो तसाच धरून उभी राहिले. "अगं, बोल ना काहीतरी," तो म्हणाला. मग मी बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुंबईला दारूखान्यात जुनी जहाजं फोडतात. तशाच एका जहाजाला टांगलेली ही जीव वाचवायची होडी. जहाज भंगारात गेलं आणि होडी माझ्या गळ्यात पडली. पनवेलला आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो, मागे एक मोकळा प्लॉट होता. तिथे चार लाकडी ओंडक्यांवर ती उतरवली तेव्हा अख्खी आळी बघायला जमली. नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर, मी शाळेत विज्ञान शिकवायचे. मी पुण्याच्या नोकरदार घरातली, तो खाडीकाठच्या कोळ्याच्या घरातला. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी करायचा तेवढा तमाशा करून घेतला होता, त्यामुळे आता लोकांना काय वाटेल याची भीती आम्हाला उरली नव्हती.

ही होडी आली ती माझ्या सासऱ्यांसाठी. मी त्यांना बाबा म्हणायचे. जन्मभर खाडीत मासे धरलेला माणूस. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, आणि लग्नानंतर वर्षभरात बाबांची लाकडी होडी इतकी कुजली की फोडून चुलीला लावावी लागली. तेव्हा आम्ही त्यांना गावाहून पनवेलला आणलं. ते रोज ओट्यावर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा मोजायचे आणि जेवायला हाक मारली की उठायचे. नारळी पौर्णिमेला त्यांच्या गावच्या सगळ्या होड्या पताका लावून खाडीत उतरतात आणि नारळ सोडून नवा मोसम सुरू होतो. बाबा त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपून राहायचे. दोन पौर्णिमा अशा गेल्या. चला म्हटलं की म्हणायचे, "दुसऱ्याच्या होडीत बसून नारल सोडायला मी पावना हाय काय?"

नवऱ्याचं म्हणणं एवढंच होतं की येत्या पौर्णिमेला बाबा स्वतःच्या होडीचं सुकाणू धरून बसले पाहिजेत. हे ऐकल्यावर माझा राग निम्मा गेला. उरलेला निम्मा मी पुढचे सहा महिने पुरवून पुरवून वापरला.

बाबा मात्र ओट्यावरून उठले, होडीभोवती एक फेरी मारली, आणि बोटाच्या पेराने तिला टकटक केलं. ठण्ण असा आवाज आला.

"ही होडी नाय," ते म्हणाले. "टोप हाय. भात शिजवा यात."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मघाशी त्याच होडीवरून मी नवऱ्याला फाडून खाल्लं होतं हे विसरून मी त्यांना समजावायला लागले. "बाबा, लाकूड कुजतं. ॲल्युमिनियम कुजत नाही. त्याच्यावर आपोआप एक थर बसतो, तोच त्याला सांभाळतो. मी शिकवते ना शाळेत."

"तू शिकव," बाबा म्हणाले. "मी नाय बसायचा."

दिवाळीनंतर काम सुरू झालं. आधी रंग खरवडला. एकाखाली एक असे किती थर निघाले! वर नारिंगी, त्याखाली पांढरा, करडा, पुन्हा पांढरा. मग गळती शोधायची. होडी कुठे गळते हे बघायला तिला पाण्यात न्यायची गरज नसते, पाणी तिच्यात भरायचं. आम्ही ओंडक्यांवरच्या होडीत बादल्यांनी पाणी ओतलं आणि मी शाळेतला खडू घेऊन खाली उकिडवी बसले. जिथे थेंब दिसेल तिथे गोल. तासाभरात ती होडी नापास पोराच्या पेपरसारखी दिसायला लागली. सगळे गळणारे रिव्हेट पुन्हा ठोकायचे. त्यासाठी दोन माणसं लागतात: एकाने आत बसून रिव्हेटच्या डोक्यावर लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून हातोडा मारायचा. आत मी. रविवार सकाळ ते संध्याकाळ माझे दात वाजत असायचे. त्याने दोनदा ठोकलं की पुढचा, मी तीनदा ठोकलं की थांब. आमच्यात सगळ्यात कमी भांडणं झाली ती त्या दिवसांत, कारण एकमेकांचं ऐकूच येत नव्हतं.

एकदा दमून मी होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, बसून चहा पीत होते. ओट्यावरून बाबांचा आवाज आला, "सूनबाय, उतर तिथनं. त्या टोकाला बाईमानूस बसत नाय."

"टोपालासुद्धा नाळ असते होय बाबा?" मी विचारलं. पण उतरले. बाबा दुसरीकडे बघायला लागले, आणि मला वाटलं की ते हसले असावेत.

इंजिन मिळालं कर्नाळ्याच्या अलीकडे, गोवा हायवेवरच्या एका गॅरेजात. उलटलेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन. गॅरेजवाले चाचा पन्नाशीचे, गालात पान. मी शंका काढली, रस्त्यावरचं इंजिन पाण्यात चालेल का? चाचा म्हणाले, "भाभी, खाली डांबर आहे की दर्या, इंजिनला काय खबर? त्याला फक्त डिझेल पाहिजे आणि इज्जत पाहिजे." त्याच टेम्पोचा गिअरबॉक्स त्यांनी जोडून दिला, म्हणजे होडीला रिव्हर्स आला. रेडिएटर काढून पाणी थंड करायचा पाइप होडीच्या तळाशी बाहेरून फिरवायचा असं ठरलं. निघताना त्यांनी टेम्पोचा हॉर्नसुद्धा पिशवीत घातला. "राहू द्या, खुशीने देतो."

आता माझी पाळी होती. चाचांना पाइप तांब्याचा पाहिजे होता, आणि होडीला पुढे ढकलणारा मागचा पंखा तर पितळेचाच येतो. मी खडू उचलला आणि होडीच्या अंगावरच आकृती काढली. दोन धातू, मध्ये खारं पाणी. "हा झाला बॅटरीचा सेल," मी दोघांना सांगितलं. "तांबं शाबूत राहतं आणि बिचारं ॲल्युमिनियम झिजून जातं. दहावीत येतो हा प्रश्न, चार मार्कांना." पाइप मी ॲल्युमिनियमचाच आणवला. पंख्याचा दांडा रबराच्या बुशात बसवायला लावला, तळाला जस्ताचे ठोकळे लावून घेतले, म्हणजे खायचंच असेल तर पाण्याने आधी जस्त खावं. चाचा कौतुकाने मान हलवत होते. नवरा तर इतका खूष झाला की आठवडाभर भेटेल त्याला माझी आकृती दाखवत सुटला. मीही काही कमी मिरवलं नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आत होडी ट्रकने बाबांच्या गावच्या धक्क्यावर नेली आणि पाण्यात उतरवली. रंग पांढरा, कडेला निळा पट्टा. बाबा बरोबर आले, पण धक्क्यावरच उभे. नवरा हँडल मारायला वाकला तेवढ्यात ते पुढे झाले आणि बंडीच्या खिशातून त्यांनी एक फडक्याची पुरचुंडी काढली. आत तांब्याचा जुना भोकाचा पैसा होता, मध्ये भोक असलेला.

"जुनी होडी फोडली तवा काढून ठेवला," ते म्हणाले. "तुझ्या सासूनं ठेवला व्हता. आमच्यात होडीच्या पुढच्या टोकात पैसा ठेवतात. घरची सून ठेवते."

इतक्या महिन्यांत या होडीला ते पहिल्यांदा होडी म्हणाले होते. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मी नाळेच्या आतली फळी उचलली, तळाला हळदकुंकू लावलं, पैसा ठेवला, वर फळी बसवली, खिळा मारला. नमस्कार केला. इंजिन तिसऱ्या हँडलला सुरू झालं, नवरा खाडीत एक चक्कर मारून आला, बगळे उडाले. बाबांनी बसायला नकार दिला, पण वेगळ्या आवाजात. "पुनवेला बसेन," ते म्हणाले.

पावसाळ्यात गावातल्या सगळ्यांनी होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी झाकल्या. आमची तेवढी काठच्या तिवराच्या झाडांना बांधलेली, भरतीला तरंगायची, ओहोटीला चिखलात बसायची. का, तर मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं ना, ॲल्युमिनियम कुजत नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं होडी धुवायला, पताका लावायला गेलो. बाबा गावात पुतण्याकडे उतरले होते, नवीन बंडी, नवीन टोपी, दोन दिवस आधीपासून नारळाला सोनेरी कागद लावून तयार. ओहोटी होती. होडी चिखलावर बसली होती आणि नाळेच्या बाजूला आत खारं पाणी साचलं होतं, गुडघ्याच्या खाली येईल इतकं. आम्ही ते उपसलं. नवऱ्याने फळी उचकटली. पैसा जागेवरच होता, चांगला घासल्यासारखा लाल. त्याच्याभोवती पांढरी पूड जमली होती, भिजल्या चुन्यासारखी. नवऱ्याने पैसा उचलला. त्याच्या खाली ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं, आणि त्यातून खालचा चिखल दिसत होता.

"हे कशानं झालं?" नवऱ्याने विचारलं.

मी कपाळाला हात लावून बसले. दोन धातू, मध्ये खारं पाणी. चार मार्कांचा प्रश्न. तांब्याचा पाइप मी आणू दिला नाही, चाचांना शहाणपण शिकवलं, आणि तांब्याचा पैसा माझ्याच हाताने, कुंकू लावून, नेमका ॲल्युमिनियमवर ठेवला. तो ठेवताना मला सेल आठवला नाही, आकृती आठवली नाही, काहीही आठवलं नाही. देवाधर्माला विज्ञान लागू होत नाही असं मी कधी ठरवून टाकलं होतं, कोण जाणे.

नवऱ्याला आधी कळेना, मग कळलं, आणि तो चिखलात बसून हसायला लागला. हसता हसता एकदम थांबला. "बाबांना सांगू नकोस," तो म्हणाला. "आईच्या पैशाखाली भोक पडलं म्हटलं की संपलं. आईला ही होडी पसंत नाही म्हणतील. उद्या काय, ते कधीच बसणार नाहीत."

त्याचं बरोबर होतं. गुपचूप भोक बुजवायचं, पैसा पुन्हा ठेवायचा, झालं. पण पैसा पुन्हा ठेवला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भोक. आणि न ठेवता ठेवला म्हणायचं, तर त्यांनी सासूबाईंची वस्तू विश्वासाने माझ्या हातात दिली होती. ते माझ्याने होईना.

मी पैसा पदराला पुसला आणि पुतण्याच्या घरी गेले. बाबा पडवीत बसून पताकेला दोरा ओवत होते.

"बाबा, होडीला भोक पडलंय," मी म्हणाले. "या पैशामुळे पडलं. तांबं आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र ठेवायचं नसतं. मला ते माहीत होतं, मी ते शिकवते, आणि तरी मी ठेवला. यात आईंचा काही दोष नाही. चूक माझी आहे."

बाबांनी पैसा हातात घेतला, उलटासुलटा केला. मी मनातल्या मनात उद्याची पौर्णिमा सोडून दिली होती. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

"आमची म्हातारी," ते म्हणाले, "जलमभर मना बोचत व्हती. होडीत ठेवली तर होडीला बोचली. ती काय गप बसनार हाय?" डोळे पुसत त्यांनी विचारलं, "भोक केवडं हाय?"

दुपारी आम्ही ते भोक बुजवलं. आत-बाहेर रबराची चकती आणि मध्ये ॲल्युमिनियमचा रिव्हेट, गावातल्या भांडीवाल्याकडून आणलेला, टोपाच्या कानांना लावतात तो. आत मी ठोकळा धरून, बाहेर नवरा हातोडा घेऊन. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. "मी काय म्हनलो व्हतो?" ते म्हणाले. "टोपच हाय."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर सगळं गाव. आमची होडी पताकांनी भरलेली. बाबा नव्या टोपीत आले, होडीच्या कडेला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि आत उतरले. सरळ मागे जाऊन त्यांनी सुकाणूवर हात ठेवला. नवऱ्याने हँडल मारलं. मी धक्क्यावर उभी होते, निरोप द्यायला.

"तू तिथं काय उभी?" बाबा म्हणाले. "ये आत." त्यांनी खिशातून पैसा काढला. त्याच्या भोकातून पताकेचा दोरा ओवलेला होता. "हा गल्यात घाल आनि पुढं बस. पार टोकाला."

"बाबा, तिथे बाईमाणूस बसत नाही ना?"

"बाईमानूस नाय बसत. घरच्या सुनेनं ठेवलेला पैसा बसतो," ते म्हणाले. "तांबा मानसाला तर खात नाय ना? काय शिकवतात शालेत?"

"नाही खात," मी म्हणाले.

मी पैसा गळ्यात घातला आणि नाळेवर जाऊन बसले. धक्क्यावर दोन-चार म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना काही बोलायला मिळू नये म्हणून की काय, बाबांनी टेम्पोचा हॉर्न जोरात वाजवला. होडी खाडीत निघाली. माझं तोंड पुढे होतं आणि बाबा माझ्या पाठीमागे, त्यामुळे मी किती रडले ते त्यांना दिसलं नाही.