जांभळ्याच्या जागी निळा

भालेराव गाडीला हात लावण्याआधी तिचा वास घ्यायचे. दार उघडून डोकं आत घालायचे, डोळे मिटून दोनदा खोल श्वास ओढायचे. मग हातातलं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून खिशात टाकायची, बॅटरीची तार सोडवायची, आणि तेव्हा कुठे कामाला सुरुवात. येरवड्यात त्यांचं एका गाळ्याचं दुकान होतं, गाड्यांच्या वायरिंगचं. भिंतीवर बुद्धाचं चित्र, दाराशी वाळूची बादली. विजेचं काम करणारा इतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी तेव्हा बावन्न वर्षांची होते आणि स्वतःला फार धीट समजत होते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, गाडी घेतली होती, तिसऱ्या खेपेला का होईना लायसन्सही मिळवलं होतं. माझी मुलगी शुभदा खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तिच्या ऑफिसातल्या पोरांच्या गाड्यांत पायाशी निळा उजेड पडायचा; दिवे भालेरावांनीच लावलेले. मलाही तो हवासा झाला. या वयात बाईला पायाशी निळा उजेड कशाला, असं कोणी विचारलं नाही, कारण मी कोणाला विचारूच दिलं नाही.

भालेरावांनी पुढे-मागे दोन्हीकडे दिवे लावून दिले. शेवटी एक नखाएवढा जांभळा तुकडा चिमटीत धरून दाखवला. "हा फ्यूज. तीन अँपिअरचा."

"एवढासा? जरा मोठा टाका की. टिकेल तरी."

"फ्यूज टिकण्यासाठी नसतो, बाई. आधी मरण्यासाठी असतो. आणि तो दिवा बघून निवडायचा नसतो, वायर बघून निवडायचा. ही वायर शेवयीएवढी. तिला सोसेल तेवढाच फ्यूज."

"फार घाबरता तुम्ही."

"घाबरतो म्हणून दोनदा बघतो. आणि हा उडाला तर दुसरा टाकू नका, माझ्याकडे या. तो उगाच उडत नाही."

यांच्या हातून कधीतरी एखादी गाडी पेटली असणार, असं सगळ्यांनाच वाटायचं. मी एकदा तोंडावर विचारलं. "काहीच झालेलं नाही," ते म्हणाले. "झाल्यावर घाबरून काय उपयोग?"

पंधरा दिवसांत फ्यूज उडाला. मी दुसरा जांभळा टाकला, तोही दोन दिवसांत गेला. भालेरावांकडे जायचं तर बोलणी खावी लागणार. म्हणून कॅम्पातल्या एका गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात गेले. काउंटरवर रंगीबेरंगी फ्यूजचा डबा होता. माझे दिवे निळे, म्हणून मी निळा फ्यूज उचलला. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस शोधण्यात उभा जन्म गेलेली बाई मी. फ्यूजचा रंग म्हणजे त्याची ताकद, जांभळा तीनचा तर निळा पंधराचा, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. आकडा छापलेला होता म्हणे. पण चारचौघांत चष्मा कोण लावतो? फ्यूज बसवला, तो उडायचा थांबला, आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

इरा, माझी नात, तेव्हा दोन वर्षांची. दिवसभर माझ्याकडेच असायची. महिन्याभराने एका सकाळी तिला डोस द्यायचा होता. शुभदाची गाडी सर्व्हिसिंगला, म्हणून ती माझी गाडी घेऊन खराडीच्या डॉक्टरकडे गेली. मी रिकामीच होते. पाय मोकळे करत भालेरावांच्या दुकानावर गेले आणि म्हटलं, "तुमचा जांभळा दोनदा मेला. मी निळा टाकलाय. महिना झाला, ढिम्म हलला नाही."

त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. "गाडी कुठे आहे?"

"शुभदाने नेलीय. इराला डोस द्यायला."

"पोर मागे बसते?"

"मागेच."

"वायर मागच्या सीटखालूनच नेलीय," ते म्हणाले. "कुठेतरी घासत असणार. जांभळा तेच सांगत होता."

शुभदाचा मोबाइल नुसता वाजत राहिला. भालेरावांनी स्कूटर काढली, मी मागे बसले. नगर रस्त्यावर दिसेल तो धूर मला आमच्याच गाडीचा वाटत होता. एका टेम्पोने काळा लोट सोडला तेव्हा मी भालेरावांचा शर्ट इतका ओढला, की त्याचं बटण तुटलं. आणि त्यातही मी काय म्हणावं? "भालेराव, शुभदाला कळलं तर ती इराला पुन्हा माझ्याकडे ठेवायची नाही." पोर सुखरूप आहे की नाही ठाऊक नाही, आणि मला माझीच पडली होती.

"आधी पोहोचू," एवढंच ते म्हणाले.

गाडी दवाखान्याबाहेर झाडाखाली उभी होती, रिकामी. आम्ही उतरतोय तोवर शुभदा रडणाऱ्या इराला घेऊन बाहेर आली. "आई? तू स्कूटरवर?" भालेरावांनी तिच्या हातातून किल्ली जवळजवळ हिसकावलीच. मागचं दार उघडून डोकं आत घातलं. या वेळी एकच श्वास पुरला. सीट उचलली, तर खालचं कारपेट तळहाताएवढं करपलेलं, वायरीचं प्लास्टिक वितळून तांबं उघडं पडलेलं. घड्याळ काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी फ्यूज उपटून काढला.

शुभदाने तो पाहिला. "हा कोणी टाकला?"

मी इराचे डोळे पुसायला लागले.

"मी," भालेराव म्हणाले. "चूक झाली, मॅडम."

"चूक? तिथे माझी मुलगी बसते. लोक विश्वासाने गाड्या देतात ना तुमच्याकडे?" ते मान खाली घालून ऐकत राहिले. मीही.

शुभदाने ही गोष्ट ऑफिसभर सांगितली. तिथल्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या बंद झाल्या. मी मात्र जात राहिले. दर वेळी म्हणायचे, "आज सांगतेच तिला." दर वेळी ते विचारायचे, "इरा कशी आहे?" आणि घड्याळ काढून कामाला लागायचे. इरा माझ्याच मांडीवर मोठी झाली.

गेल्या वर्षी भालेराव गेले. शेवटी मांजरी गावात मुलाकडे होते. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मला शुभदाच घेऊन गेली. मी आता गाडी चालवत नाही, आणि त्याचं कोणालाही दुःख नाही. चपला काढताना ती हळूच म्हणाली, "चुकीचा फ्यूज टाकणारे ते हेच ना?" दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीला ते ऐकू गेलं.

"नाही," मी म्हटलं. "तो मी टाकला होता."

त्यांच्या पत्नीने मला हाताला धरून आत घेतलं. "ठाऊक आहे. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. बसा, पाणी घ्या."

परत निघालो तेव्हा शुभदाने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. काचेतून समोर बघत बसली. त्या सकाळी स्कूटरवर वाटली होती तेवढीच भीती मला आताही वाटत होती.

"तेव्हा सांगितलं असतंस, तर इराला मी तुझ्याकडे ठेवलंच नसतं," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच ते 'मी' म्हणाले."