माझ्या बदली चोर

"चोर कोन व्हनार?"

जमादारानं विचारलं आणि आम्ही बावीस पोरं खाली मान घालून उभी राहिलो. मे महिन्याचं ऊन, शाळेचं पटांगण. निजामाचं राज्य जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, महाराष्ट्र नुकताच झाला होता. पुढं पोलिसात जायची इच्छा असलेल्या मुलांसाठी आमच्या बाजारगावात सुट्टीतला महिनाभराचा वर्ग काढला होता. कवायत कशी करायची, झडती कशी घ्यायची, पंचनामा कसा लिहायचा, सगळं शिकवणार होते. झडती शिकवायची तर चोर लागतो.

जमादार रांगेतून फिरला. एकेकाला नाव विचारत गेला. पाटलाचा पोरगा झाला, वाण्याचा झाला, मास्तरांचा झाला. माझ्यापुढं येऊन थांबला. मी नाव सांगितलं.

"नाव ऱ्हाऊ दे. कुन्या वाड्यातला?"

"मांगवाड्यातला, साब."

"मग झालं की! ह्येला शिकवायचं कामच न्हाय. चल, ये बाहीर."

सगळी पोरं हसली. मीही हसलो. ते हसू मला अजून आठवतं, कारण ते मी कुणाच्या धाकानं हसलो नव्हतो. सगळ्यांसारखं दिसावं म्हणून हसलो होतो. पाटलाच्या पोरानं माझे खिसे उलटे केले, टोपी काढून झटकली, आणि जमादार म्हणाला, "आसं! झडती आशी घ्यायची."

दुसऱ्या दिवशी मला घरून दोर आणायला सांगितला. आमच्या घरी केकताडाच्या पानांतल्या वाखाचे दोर वळायचे. बापानं वळलेला चांगला मऊ दोर मी स्वतः घेऊन गेलो आणि त्याच दोरानं माझे हात मागं बांधले. पुढचे वीस-बावीस दिवस मी चोर. पोरं आळीपाळीनं हवालदार व्हायची, पंच व्हायची, फिर्यादी व्हायची. माझी पाळी कधी बदलली नाही. रस्त्यात लहान पोरं मला बघून 'चोर आला, चोर आला' म्हणायला लागली होती.

तरी मी वर्ग सोडला नाही. का, ते सांगतो. माझा बाप गावचा जागल्या होता. हातात काठी घेऊन गावाची राखण करायची, ठाण्याला निरोप न्यायचा, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. आणि गावात कुणाची कोंबडी जरी गेली तरी पहिली थप्पड त्यालाच. गावाचा राखणदार तो, आणि पहिला संशयही त्याच्यावरच. तो मला म्हणायचा, "कमरंला पट्टा आसला की आपल्याला कुनी इचारत न्हाय. आपन इचारतो." वर्गाच्या शेवटी चांगल्या तीन मुलांना भरतीसाठी चिठ्ठी मिळणार होती. नवरात्रात तुळजापूरला बंदोबस्ताच्या मदतीलाही त्यांनाच नेणार होते. माझं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं. कवायतीत माझं पाऊल चुकत नव्हतं. ती चिठ्ठी मला काहीही करून पाहिजे होती.

शेवटच्या दिवशी फौजदार येणार होते. त्यांच्यासमोर, सगळ्या गावासमोर, चोर पकडण्यापासून पंचनाम्यापर्यंत सगळं करून दाखवायचं होतं. माझा बापही बघायला येणार होता. त्याच्यासमोर त्याच्याच दोरानं बांधलेला मी उभा राहणार, हे मला सोसवेना. मी जमादाराकडं गेलो.

"साब, त्या दिशी मला पंच करा. चोर दुसरा घ्या."

"दुसरा कोन घेऊ? पाटलाचा?" जमादार हसला. "तुज्या बदली आन की कुनी. आनशील तर तुला पंच करतो. पंचनामा बी तूच लिव."

कुणाला आणायचं ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. माझ्या मनात लगेच पारध्यांची पालं आली.

हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलंच पाहिजे. आमच्या मांगवाड्यात लेकरू रडायला लागलं की आया म्हणायच्या, "गप, पारधी यील." गाव आम्हाला चोर म्हणायचं आणि आम्ही पारध्यांना. पारध्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा उठला होता, पण तो कागदावर उठला होता, आमच्या डोक्यातून नव्हे. आपल्याखाली कुणीतरी आहे याचं आम्हालाही बरं वाटायचं.

लखू पारधी आमच्या घरी यायचा. शिकारीच्या जाळ्याला लागणारी बारीक दोरी न्यायला. दोरीच्या बदल्यात तितर द्यायचा. मी त्याला मामा म्हणायचो. माळावर त्याची दोन पालं होती. मी गेलो तेव्हा तो जाळं सांधत बसला होता आणि त्याची बायको रुपाबाई चुलीपुढं होती.

"लखूमामा, शाळंत एक खेळ हाय. चोराचं सोंग घ्यायचं. तुमी येता का?"

"कुनाचा खेळ?"

"पोलिसांचा. पन खेळच हाय."

"पोलिसांचा म्हंजी न्हाय रं बाबा." त्यानं मान हलवली.

"म्या हाय की तितं. कागद बी म्याच लिवनार हाय."

रुपाबाईच म्हणाली, "जावा की. पोरगं आपलं हाय, लिवतंय वाचतंय. त्येचं काम व्हईल." माझ्या लिहिण्यावाचण्यावर त्या बाईचा एवढा विश्वास होता.

लखू आला. फौजदार खुर्चीवर, गाव भोवती. माझा बाप लांब लिंबाखाली उभा. माझ्या हातात दौत आणि टाक बघून त्यानं पागोटं नीट केलं, ते मी इकडून बघितलं. पाटलाच्या पोरानं लखूला पकडलं, हात बांधले आणि ठरलेलं नसताना एक थोबाडीत मारली. गाव खदखदून हसलं. लखूनं माझ्याकडं बघितलं. मी कागदाकडं बघितलं.

कागद खरा होता, ठाण्यातला छापील. जमादार म्हणाला होता, खऱ्या कागदावरच हात बसतो. त्यानं आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली होती, उस्तादानं शागिर्दाला शिकवावी तशी. "तारीख आन् मुद्देमाल, दोनी जागा मोकळ्या सोडायच्या. काय घावंल ते आदी कुटं ठावं आसतंय? मागनं भरता येतं." आम्हाला ती मोठी हुशारी वाटली होती. मी जागा मोकळ्या सोडल्या. बाकी सगळं वळणदार अक्षरात लिहिलं. सदर इसमाच्या ताब्यातून खालील माल आम्हा पंचांसमक्ष मिळून आला. पंच सज्ञान लागतो, वय एकोणीस लिही, जमादार म्हणाला. मी सतराचा होतो. लिहिलं एकोणीस. मी सही केली, पाटलाच्या पोरानं केली. मग लखूचा हात सोडला आणि अंगठ्याला शाई लावली.

"काय लिवलंय रं ह्येच्यात?" त्यानं मला हळूच विचारलं.

"काय न्हाय मामा. खेळातलं हाय."

मी वाचून दाखवलं असतं तर? चार ओळी होत्या. पण फौजदार बघत होते, माझ्या अक्षराचं कौतुक करत होते. मीच लखूचा अंगठा धरून कागदावर टेकवला. कागद जमादारानं घडी करून खिशात घातला. तो फाडायचा होता, हे मी म्हणालो नाही.

तिघांत माझं नाव लागलं, पण चिठ्ठी भरतीच्या वेळी मिळणार होती. श्रावणात गावातल्या एका व्यापाऱ्याकडं चोरी झाली. तांब्या-पितळेची भांडी गेली. दुसऱ्या दिवशी लखूला धरून नेल्याचं कळलं. मला काय वाटलं, तेही सांगतो. मला वाटलं, केली असेल. पारधीच तो. ज्यानं वीस-बावीस दिवस चोर म्हणून हात बांधून घेतले त्या माझ्याच मनात हे आलं.

मग मला कोर्टाचं समन्स आलं. पंच म्हणून. ठाण्यात गेलो तर जमादारानं कागद पुढं ठेवला. अक्षर माझं, सही माझी, खाली लखूचा अंगठा. मोकळ्या सोडलेल्या जागा भरलेल्या. तारीख श्रावणातली. दोन घागरी, एक परात, तीन तांबे. ते अक्षर जमादाराचं होतं.

मी म्हणालो, "साब, ह्यो तर आपला खेळातला..."

"तुजी चिठ्ठी तयार हाय," तो म्हणाला. मेजाचा खण उघडून दाखवली. "साक्ष झाली की घिऊन जा."

त्यानं मला साक्ष शिकवली. सकाळी दहाला, ओढ्याच्या काठी, बाभळीखाली पुरलेला माल लखूनं आमच्यासमक्ष काढून दिला. मी चार वेळा म्हणून दाखवली. चौथ्या वेळी एकही शब्द चुकला नाही. शाबास म्हणाला.

घरी बापाला सांगितलं. तो बराच वेळ दोर वळत राहिला. मग म्हणाला, "चिठ्ठी घे. पारध्याला कोन इचारतंय." मला बरं वाटलं. माझ्या मनातलं त्यानं बोलून दाखवलं होतं, आता पाप वाटून घ्यायला कुणीतरी होतं.

तारखेच्या दिवशी तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात पाय ठेवला आणि समोर रुपाबाई. कडेवर पोरगं, पायात काही नाही, घोट्यापर्यंत चिखल. मला बघून ती उठली. बरोबरच्या म्हातारीला म्हणाली, "आला बग आमचा लिवनारा! म्या म्हनत न्हवते? ह्यो सांगंल सायबाला, त्यो खेळ व्हता म्हून." आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "लई लांबून आलास रं लेकरा. काय खाल्लंस का न्हाय?"

तिला वाटलं मी सोडवायला आलो. मी तर बुडवायला आलो होतो, पाठ करून आलो होतो. मला तिथं उभं राहवेना.

आत पाटलाच्या पोराची साक्ष झाली. घडाघडा बोलला. मग माझं नाव पुकारलं. लखू समोर उभा होता. उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"वय?" मॅजिस्ट्रेटनं विचारलं.

शिकवलेलं उत्तर एकोणीस होतं.

"सतरा," मी म्हणालो.

"कागदावर एकोणीस आहे."

"लिहायला सांगितलं, साहेब." आणि मग मला थांबता येईना. "हा कागद मी शाळेच्या पटांगणात लिहिला. मे महिन्यात. वर्गात पंचनामा शिकवत होते तेव्हा. चोरी श्रावणात झाली. तारीख माझ्या अक्षरातली नाही, भांडी माझ्या अक्षरातली नाहीत. बाकी सगळं माझं आहे. यांना चोर व्हायला मीच बोलावून आणलं होतं."

लोक म्हणतात, पोरानं धाडस केलं. खोटं आहे. रुपाबाई त्या आवारात नसती, तिनं जेवलास का विचारलं नसतं, तर मी पाठ केलेली साक्ष न चुकता दिली असती. माझ्या अंगात धाडस नव्हतं. मला फक्त त्या बाईच्या हातानं लाज आणली.

लखू सुटला. जमादाराची बदली झाली, बस एवढंच. माझी चिठ्ठी अर्थातच गेली. बापाला महिनाभर रोज ठाण्यात हजेरीला बोलावून उन्हात बसवून ठेवलं. तो जेवताना माझ्याकडं पाठ करून बसायला लागला.

मी पालावर गेलो. लखूनं बस म्हटलं नाही. ठाण्यातल्या मारानं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. जाळं आता रुपाबाई सांधत होती, तिनंही वर बघितलं नाही. लखू बोलला.

"तुला चोर म्हून हुबं करत व्हते, त्ये तुला सोसंना. खरं का?"

"व्हय, मामा."

"मग न्हाय म्हनायचं व्हतं. मला कामून नेलंस?"

मला चोर केलं तो अपमान माझा होता. तो नाकारायचं सोडून मी तो एका माणसाच्या गळ्यात नेऊन बांधला, आणि मामा म्हणून हाक मारत बांधला. जमादारानं माझ्याशी जे केलं ते मी लखूशी केलं. फरक एवढाच की जमादारावर माझा विश्वास नव्हता, लखूचा माझ्यावर होता.

लखू माझ्याशी अजून बोलत नाही. मी माफी मागायला पुन्हा गेलो नाही. माफी मिळाली की मी सुटेन, आणि मला सुटायचं नाही.

पोलिसात मी गेलो नाही. बाजाराच्या दिवशी ठाण्यासमोर बसतो. पालावरचं, तांड्यावरचं, मांगवाड्यातलं, कुणालाही आत नेलं की मागोमाग आत जातो. अंगठा घ्यायच्या आधी कागद मोठ्यानं वाचा, म्हणतो. नाहीतर इकडं द्या, मी वाचतो. एकही जागा मोकळी असेल तर त्या माणसाचा हात धरतो आणि कागदावर टेकू देत नाही. दोनदा मला धक्के मारून बाहेर काढलं. एकदा दात पाडला. बाप म्हणतो, तुला मारून टाकतील. मारतील कदाचित. पण हाकललं म्हणून थांबणार नाही मी. मला हाकलायचं असेल तर दर बाजाराला हाकलावं लागेल.