मावशीचा पाण्यातला झगा

माझी मावशी जन्मभर मोज्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. तिथे टेबलावर लाकडी पाय ठोकलेले असत. मोजा त्या पायावर चढवायचा, उजेडात फिरवायचा आणि एखादा टाका सुटलेला दिसला की बाजूला फेकायचा. ती निवृत्त झाली, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. अजून माझ्या घरात शिरली की आधी माझ्या स्वेटरच्या कोपराकडे बघते, मग माझ्या तोंडाकडे. उरलेला सगळा वेळ हातात क्रोशाची सुई. फोनला टोपडं, कुकरच्या शिट्टीला टोपडं, काकांच्या चष्म्याच्या दोन्ही काड्यांना मोजे. काका म्हणजे तिचे यजमान. त्यांनी लग्नापासून तिला कशालाही नाही म्हटलेलं नाही, आणि त्याची फळं आम्ही सगळे भोगतो आहोत.

ती दोघं तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी त्याच इमारतीत तळाला. लिफ्ट नाही. गेल्या वर्षी मावशीच्या गुडघ्यांनी संप पुकारला. एकेका मजल्यावर थांबून, कठडा धरून, वाटेत भेटेल त्याचे कपडे तपासत ती वर जायची. मग तिचा मुलगा, आमचा दादा, सुट्टी काढून आला तो पुठ्ठ्याची खोकी घेऊनच. त्याचं घर दुसऱ्या शहरात, तळमजल्यावर, तिच्यासाठी खोली तयार.

"आई, या सुट्टीत सामान हलवू," तो म्हणाला.

 मावशीने खोकं उलटं करून त्याचा तळ तपासला.  हे घर तिने कारखान्यात डोळे फोडून उभं केलं होतं.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "रोज छातीभर पाण्यात चाललात तर गुडघे साथ देतील. नाहीतर मुलाचं ऐका."

दादा म्हणाला, "ठीक आहे. मी जायच्या आत तू पाण्यात उतरून चालून दाखव. मग मी खोकी परत नेतो."

तरण तलावावर पाटी होती: पोहण्याच्या पोशाखाशिवाय प्रवेश नाही. मी तिला दुकानात घेऊन गेले. विक्रेत्या मुलीने समोर जे धरलं त्यात मावशीचं एक कोपरही मावलं नसतं. दुसऱ्यावर पाठीला खिडकी होती. तिसरा बरा होता, पण मावशीने तो उलटा केला, शिवण ताणली आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "टाका सुटलाय. नापास." बाहेर येताना तिने जाहीर केलं, "माझा पोशाख मीच विणते."

मी म्हटलं, "अगं मावशी, क्रोशाचं विणून कोणी पाण्यात जातं का? भोकं असतात त्याला."

"भोकं विणणाऱ्याच्या हातात असतात," ती म्हणाली. तिच्याशी वाद घालणं मी शाळेतच सोडून दिलंय. तरी अधूनमधून तोंडातून निघून जातं.

सगळा प्रश्न धाग्याचा होता. कपाटातलं सूत तिच्या आवडीचं, म्हणून आधी सुताची पाळी. तिने सुताची अर्धी विजार विणली, काकांना चढवली आणि पाण्याने भरलेल्या पिंपात उभं केलं. पिंपातून बाहेर येताना विजार इतकं पाणी प्यायली की काका बाहेर आले आणि विजार आतच राहिली. मग लोकर. लोकरीने काकांना दिवसभर खाजवत ठेवलं आणि दोरीवर वाळत घातल्यावर ती लांबत लांबत खालच्या मजल्याच्या खिडकीत पोचली. ॲक्रिलिक हलकं निघालं, पण एकदा ताणलं की परत जागेवर येईना. मावशी प्रत्येक नमुना ओला करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची, तलावाच्या पाण्यात औषध असतं म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायची, आणि रंग उतरला की काकांकडे अशी बघायची, जणू त्यांनीच तो प्यायला.

शेवटी तिला हवा तसा धागा मिळाला. नायलॉनचा, आत बारीक इलॅस्टिक असलेला. पाणी धरत नाही, ताणलं तर सोडताच मूळ मापावर येतो. रंग मात्र एकच शिल्लक होता, पिकलेल्या लिंबाचा. बारीक सुई घेऊन ती मुके खांब घालत बसली. मुका खांब म्हणजे क्रोशातला सगळ्यात ठेंगणा, घट्ट टाका. त्यातून पलीकडचं दिसत नाही. गळ्यापासून सुरुवात करून खाली, कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्यापर्यंत घेर. दादाची सुट्टी संपत आली तेव्हा झगा झाला. खरंच सुरेख झाला होता. मी तोंडात बोट घातलं.

फक्त उरलेल्या धाग्याचा गुंडा अजून झग्याला लोंबत होता.

"दोरा तोड की," मी म्हटलं.

"काम करून दाखवल्याशिवाय माल पास होत नाही," मावशी म्हणाली. "चालून आल्यावर तोडीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची वरात तलावावर निघाली. पुढे लिंबू रंगाची मावशी, मागे गुंडा सांभाळत काका, त्यांच्या मागे दादा, आणि सगळ्यात मागे मी, ओळख न दाखवता. शिट्टी गळ्यात अडकवलेल्या प्रशिक्षकाने दोऱ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. पाटीवर दोऱ्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

मावशी कठडा धरून पायऱ्या उतरली. पाणी छातीपर्यंत आलं. झगा फुगला नाही, लोंबला नाही. ती चालू लागली. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला रडू आलं. काका काठावर बसून गुंडा सोडत होते. पण काका नीटनेटके. मावशी परत फिरली की दोरा सैल पडायचा. पाण्यात गुंता नको म्हणून ते तेवढा दोरा पटापट गुंडाळून घ्यायचे. ती पुढे गेली की धाग्याला ओढ बसायची, टाके उसवायचे, आणि ती वळली की काका तोही भाग प्रेमाने गुंडाळायचे.

गुंडा मोठा होत चाललाय हे आधी माझ्या लक्षात आलं. मी ओरडले तोवर घेर संपला होता आणि झग्याचं पोलकं झालं होतं. आत चड्डी होती म्हणून निभावलं.

"अहो, थांबा!" मावशी पाण्यातून कडाडली. "माझ्या अंगावरून माल उतरवताय!"

काकांनी दचकून हात वर केले, तशी आणखी एक ओळ गेली. काठावर आता बरीच गर्दी होती. मावशीने सांगितलं की गर्दी हटेपर्यंत ती बाहेर येणार नाही. गर्दी कसली हटतेय! मग ती काय करणार? चालत राहिली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, काकांना, प्रशिक्षकाला, इलॅस्टिक बनवणाऱ्यांना आणि मला शिव्या देत. दादाने दोनदा टॉवेल पुढे केला, दोनदा तिने तो तपासून परत केला. प्रशिक्षकाची पुढची तुकडी येऊन पोहून गेली. मावशी चालतच होती, ताठ, कठड्याला हात न लावता.

अखेर जेवणाच्या वेळेला लोक पांगले आणि ती स्वतःला टॉवेलात गुंडाळून बाहेर आली.

 घरी आल्यावर जिन्यापाशी दादाने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. पहिल्या मजल्यावर थांबली, दुसऱ्यावर थांबली. काही चमत्कार झाला नाही. गुडघे एका दिवसात ऐकत नसतात. तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर तिचा श्वास लागला.

"आई, दुखतंय ना?" दादा हळूच म्हणाला.

"दुखतंय तर," मावशी म्हणाली. "पण दुखायचं ते माझ्या दारात दुखू दे रे."

 दादाने तिच्या पुढे होऊन दार उघडलं, आणि रिकामी खोकी एकेक करून खाली नेऊ लागला.