रंगूकाकीनं आठ दिवस काढावेत

कुंडलच्या नानासोंना करंटची भीती नाही. तीस वर्षं झाली, विहिरींवरच्या जळक्या मोटारी ते तांब्याची नवी तार भरून जिवंत करतात. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून, "काय हुतंय त्याला," असं म्हणत थेट वायरीला हात घालणारा हा गडी. पण लेकीच्या लग्नाला आठ दिवस राहिले असताना मलकापूरहून एक फोन आला आणि नानासो मटकन खाली बसले.

फोन चुलतभावाचा, तानाजीचा होता. "आईला दवाखान्यात आणलंय. डाक्टर नीट काय बोलंना झाल्यात."

तानाजीची आई म्हणजे रंगूकाकी. वय नव्वदीच्या आतबाहेर. बांधावरच्या एका आंब्यावरून दोन्ही घरांत अकरा वर्षं बोलणं बंद होतं. पण बोलणं बंद झालं म्हणून सुतक बंद होत नाही. काकी गेली, की दहा दिवस सगळ्या भावकीला सुतक, आणि सुतकात लग्न लागत नाही. जावई वीरधवल लष्करात. लग्नानंतर पाचव्या दिवशी त्याची सुट्टी संपणार होती, आणि पुढची कधी मिळेल ते त्याच्या साहेबालाही सांगता येत नव्हतं.

"बाबा, आपण नाही पाळायचं सुतक," अपेक्षा म्हणाली.

"जा, तुझ्या सासूला सांगून बग," नानासो म्हणाले.

नानासोंच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, वेगळंच विचारलं. "आवं, काकीस्नी पत्रिका दिलीया का?"

चारशे पत्रिका वाटल्या होत्या. काकीची तेवढी राहिली होती. राहिली म्हणजे ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पत्रिका खिशात घालून नानासो मलकापूरला गेले. त्यांना दवाखान्याच्या दारात बघताच तानाजीनं मिठी मारली आणि तो हमसून हमसून रडला. "नाना, तू आलास गड्या! सगळं इसरून आलास!" नानासोंना ती मिठी उघड्या वायरीसारखी लागली. पत्रिका खिशातच राहिली.

काकी डोळे मिटून पडली होती. नानासोंनी खाली वाकून तिच्या छातीशी कान नेला. बेअरिंग घरघरत होतं, पण आतली कॉइल अजून धरून होती. घरी येऊन त्यांनी मंगलवहिनींना तसाच रिपोर्ट दिला आणि न जेवता झोपले.

मग रोज कुंडल ते मलकापूर. शहाळं, मऊ भात, डोक्याला लावायला खोबरेल. इकडे मांडवाचे बांबू येऊन पडले, तरी तिकडे नानासो काकीच्या उशाशी पडद्यावरची हिरवी रेघ राखत बसलेले. रात्री घरी फोन वाजला की जेवणावरून उठायचे. एकदा तर आचाऱ्यानं भज्यांचं विचारायला फोन केला आणि नानासोंनी दचकून विचारलं, "कवा गेली?"

"असा पुतण्या बघितला नाही हो," नर्सबाई म्हणाल्या. नानासोंनी मान खाली घातली.

चौथ्या दिवशी काकीनं डोळे उघडले. तानाजीला चहाला पिटाळलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "पोरीचं लगीन कवा हाय रं?"

"रविवारी."

"म्हंजी अजून चार दिस." काकीनं बोटांवर मोजलं. "म्हून रोज येतुयास व्हय?"

खोटं बोलायला नानासोंनी तोंड उघडलं, पण खोटं काही आलं नाही. "व्हय काकी."

काकी हसली. हसता हसता खोकली. खोकता खोकता तिचा हात कॉटखाली लोंबला, आणि मशीन किंचाळायला लागलं. पडद्यावरची रेघ सपाट!

"काकेऽऽ!" नानासोंच्या ओरडण्यानं अख्खा वॉर्ड उठून बसला. "आगं काकी, जाऊ नगंस! आंबा तुझाच हाय! बांध बी घे!"

नर्सबाई धावत आल्या. त्यांनी काकीच्या बोटावरून निसटलेला चिमटा उचलून पुन्हा लावला. मशीन गप्प झालं. सुटलेली वायर तीस वर्षं लांबून हेरणारा माणूस चिमट्याकडे बघत लटलट कापत होता.

"भ्यालास?" काकीनं विचारलं.

"लय."

"लगीन मोडंल म्हून?"

तेवढ्या वेळात लग्नाची आठवणच झाली नव्हती, हे नानासोंच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी खिशातली चुरगळलेली पत्रिका काढून गुडघ्यावर सरळ केली आणि काकीच्या हातात दिली.

"हळद-कुकू कुटं हाय हिच्यावर?" काकी म्हणाली. "उद्या नीट लावून आण. तवर हाय मी."

रविवारी अक्षता पडल्या. अपेक्षा सासरी गेली. आता कुणाच्या श्वासावर काही अडलं नव्हतं.

सोमवारी सकाळी फोन वाजला. मलकापूरचा नंबर. नानासोंच्या हातून फोन दोनदा निसटला. मंगलवहिनींनी उचलून त्यांच्या कानाला लावला.

"नाना," पलीकडून घरघर आली, "लाडू कुटं हायती माजं?"

नानासोंनी लाडवांचा डबा काखेत मारला आणि ते चप्पल शोधायला लागले.