पाणी पाचव्या पानावर

आमच्या दिवा स्टेशनजवळच्या बिल्डिंगमध्ये पाणी दिवसातून अर्धा तास येतं, आणि ते नेमकं कधी येणार हे मी एकदा छत्तीस कुटुंबांपासून लपवून ठेवलं. मुद्दाम नाही. वेबसाइट बनवून.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. पाण्याची वेळ रोज बदलते, ती मी जिन्याखालच्या फळ्यावर लिहायचो. मग अंगात डिझायनर संचारला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी साइटचा आराखडा काढला. कुठलं पान कुठे, कशावर दाबलं की काय उघडेल, सगळं. पहिल्या पानावर अर्थात माझं मनोगत (फोटोसह).

"यात पाणी कुठाय?" सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं.

"सेवा दाब. मग नागरी सुविधा. मग जलव्यवस्थापन. मग वेळापत्रक."

"तोवर नळ जाईल."

"अगं, याला मांडणी म्हणतात," असं म्हणून मी फळा काढूनच टाकला.

पहिल्याच रविवारी टिटवाळ्याहून सासू-सासरे जेवायला येणार होते. पाणी सकाळी साडेसहाला सुटणार, हे मी आदल्या दिवशी साइटवर टाकलेलं. सकाळी सुनीतानं मला हलवून वेळ विचारली. "साइटवर बघ," म्हणत मी कूस बदलली. बिचारीला तीनदा माझं मनोगत वाचावं लागलं. वेळापत्रक सापडलं तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

घरात एक तांब्या पाणी, सासरे गाडीत बसलेले, आणि दाराशी अख्खी बिल्डिंग रिकाम्या बादल्या घेऊन उभी.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या भोईर मावशी दोन भरलेल्या कळशा घेऊन वर आल्या. "पावने येनार न घरान पानी नाय? मना तुजी साइट समजत नाय. मी आपला नल उघरा ठेवते."

जेवणं नीट पार पडली. दुपारी मावशींनी माझा आराखडा मागवला आणि पेनानं निम्मा खोडला.

"वर एकच लिव, पानी किती वाजता. खाली पलंबरचा नंबर. बाकी कोनाला पायजे?"

तसंच केलं. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कुणाची बादली रिकामी राहिली नाही. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही, आणि त्या विसरूही देत नाहीत.

परवा शेजारच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी आले. त्यांनाही अशीच साइट हवी होती. मी खुर्ची दिली, चहा ठेवायला सांगितला.

"चहा राहू द्या," ते म्हणाले, "मावशी घरी असतील ना आता?"